बंद पडलेल्या लॅपटॉपास अनावृत पत्र

प्रिय लॅपटॉपा,

‘मदरबोर्ड गेलाय, यात पैसे घालू नका, नवीनच घ्या’ असा निकाल पहिल्या दुकानात उभ्याउभ्या लागला. तुला न उघडताच लागला, म्हणून मी तो मानला नाही. तुझं दुखणं तर तू स्वतःच सांगत होतास. अ‍ॅडाप्टर भिंतीत लावला की त्याचा दिवा पेटायचा आणि पिन तुझ्यात खोचली की विझायचा. म्हणजे आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि अ‍ॅडाप्टर स्वतःला वाचवायला पुरवठा तोडतोय, एवढंच. अख्खा बोर्ड गेला, हे यातून कसं निघतं?

नारायणगावच्या ज्या कारागिराने तुला उघडलं, त्याचं काम मी शेजारी स्टुलावर बसून पाहिलं. आधी त्याने बॅटरी सोडवली. मल्टिमीटर बीपवर ठेवून चार्जिंगच्या वाटेवर टोकं टेकवली, तर मीटर वाजतच राहिला. मग टेबलावरच्या पॉवर सप्लायमधून अगदी कमी व्होल्टेज बोर्डात सोडलं आणि त्या भागावर ब्रशने आयपीए फिरवलं. आयपीए म्हणजे सफाईचं स्पिरिट. सगळा भाग ओला दिसत होता, पण तिळाएवढ्या एका कपॅसिटरवरचं स्पिरिट बघता बघता उडालं. तोच तापत होता. गरम हवेने तो उचलला, तसा मीटर गप्प झाला. मग भंगारातल्या एका बोर्डावरून त्याच मापाचा दुसरा काढून बसवला. पिन खोचली, तर दिवा पेटलेलाच! हे कसब शिकायला वर्षं लागतात, आणि ते आपल्या बाजारपेठेत एका छोट्या टेबलावर उपलब्ध आहे. तिथपर्यंत न पोहोचता किती यंत्रं भंगारात जात असतील, या विचाराने जीव तुटतो.

घरी, वारूळवाडीत, तुला सुख असं लाभलं नाही. मळ्यातल्या घरांना शेतीच्या फीडरवरची वीज. थ्री फेज आली की सगळ्या मोटारी एकदम उचलतात आणि घरातले दिवे पिवळे पडतात. तुझा अ‍ॅडाप्टर १०० ते २४० व्होल्ट झेलतो आणि बॅटरी म्हणजे अंगचाच यूपीएस, म्हणून तू तगलास. घरातल्या डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मात्र जळाला, तो बदलावा लागला. वळवाच्या विजांपुढे दोघांचंही काही चालत नाही. ढग गडगडले की प्लग आणि राउटरची वायर काढून ठेवायची, हे आता घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. तुझ्या धातूच्या अंगाला मनगट टेकलं की मुंग्या यायच्या, त्यातही तुझा दोष नव्हता. घराचं अर्थिंग कोरडं पडलं होतं. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळ्यात पाणी सोडायला लागलो आणि मुंग्या थांबल्या.

मग संकट आलं ते तारखेचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची अपडेट बंद केली. घरगुती वापरणाऱ्याने नावनोंदणी केली तर सुरक्षेची अपडेट आणखी वर्षभर मिळतील, इतकीच सवलत तेव्हा दिली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तू पाचव्या पिढीतला. पण टोमॅटोच्या कॅरेटचा हिशेब, सातबारा काढणं, पोरांचे व्हिडिओ धडे यातलं तुला काय जमत नाही? कालपर्यंत जमणारं काम आजही जमत असेल, तर एका कंपनीच्या वेळापत्रकावरून तुला म्हातारा ठरवणं मला पटत नाही.

म्हणून तुझं अंग तेच ठेवून आतलं बदललं. तू मंद होतास तो मुख्यतः हार्ड डिस्कमुळे. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर माहिती शोधत फिरणारी सुई, वेळ तिथेच जायचा. तिच्या जागी एसएसडी आली आणि रॅम ४ ची ८ जीबी झाली. पंख्यामागच्या पट्ट्यांत दडपून बसलेली धूळ निघाली, सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट बसवलं. त्याला किमान २ जीबी रॅम पुरते आणि पैसे पडत नाहीत. जवळच खोडदला आपल्या भागाने हेच फार मोठ्या मापावर पाहिलंय. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली तिथली रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. अलीकडे तिचं नूतनीकरण झालं तेव्हा तबकड्या त्याच राहिल्या. बदलले ते रिसीव्हर आणि त्यांच्यामागची संगणकीय यंत्रणा. एका वेळी टिपता येणारा लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० पर्यंत गेला, आणि जगभरचे खगोलशास्त्रज्ञ आजही तिथे निरीक्षणासाठी वेळ मागतात.

तुझ्यापेक्षा मला घोर आहे तो कोपऱ्यातल्या डेस्कटॉपचा. त्यावर अजून विंडोज एक्सपी आहे, आणि त्याचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला. त्याला इंटरनेट द्यायचं नाही, बँकेचं काम तर मुळीच करायचं नाही, यात मी तडजोड करत नाही. पण त्यात वडिलांची टिपणं आहेत, श्रीलिपीत टाइप केलेली. त्या काळच्या मराठी फाँटांत अक्षरं युनिकोडप्रमाणे साठवलेली नसतात. एरवी जे आकडे इंग्रजी अक्षरांचे, त्यांवरच मराठी आकार बसवलेले. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. महाराष्ट्रात किती घरांत, संस्थांत, छापखान्यांत असं मराठी अडकून पडलंय! म्हणून जुनं यंत्र भंगारात देण्याआधी चालू करून आतलं बाहेर काढा, असं मी भेटेल त्याला सांगतो.

तुझी बॅटरी फुगून टचपॅड वर आला होता, तेव्हा तुला लगेच बंद केलं. फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. ती पेट घेऊ शकते. तुझी बॅटरी स्क्रूवर होती म्हणून सहज बदलता आली. आजच्या कितीतरी पातळ लॅपटॉपांत ती चिकटवलेली असते आणि रॅम बोर्डावरच डाखलेली. याउलट २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पातले एक्सओ लॅपटॉप आले. त्यांच्या हँडलमध्ये जादा स्क्रू ठेवलेले असत, दुरुस्तीत एखादा हरवलाच तर अडू नये म्हणून. तो प्रकल्प किती यशस्वी झाला यावर वाद घालता येईल, पण त्या स्क्रूंमागची नियत मला आवडते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. आमच्या कारागिराला मात्र हवाय बोर्डाचा नकाशा आणि अस्सल सुटा भाग, तोही नव्या यंत्राच्या किमतीला न भिडणाऱ्या दरात. कंपन्यांनी हे दोन्ही द्यावं, अशी सक्ती व्हायला हवी. कारण २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला पाव भागही रीतसर गोळा होऊन मार्गी लागला नाही.

आता तुझ्याकडे काम आहे. डेस्कटॉपची तारीख दर वेळी मागे जाते, म्हणून त्याच्यासाठी सीआर२०३२ सेल आणून ठेवलाय. तो बसवला की टिपणं पेन ड्राइव्हवरून तुझ्यात घेऊ आणि युनिकोडमध्ये आणायला बसू. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतील, ते ओळ न् ओळ वाचून हातानेच नीट करावे लागतील. चार्जर लावून ठेवतोय.

कळावे,
वारूळवाडीचा तुझा घरमालक