मुक्तेश्वर: बुळकांडीशी झुंजलेला डोंगर

नैनितालच्या तलावातली होडी, मॉल रोडवरची खरेदी आणि माकडांचा उपद्रव यांतून मोकळे झालेले प्रवासी सहसा एक दिवस मुक्तेश्वरसाठी राखून ठेवतात. अंतर आहे सुमारे ५० किलोमीटर. भवालीच्या बाजारात चहा घेऊन गाडी पुढे निघाली, की वळणावळणांचा घाट लागतो. रामगढच्या आसपास उतारावर सफरचंद, पीच, आलुबुखार आणि जर्दाळूच्या बागा पसरलेल्या दिसतात. त्यानंतर बांज आणि देवदारांचे जंगल दाट होत जाते, हवेत गारवा येतो आणि गाडीतली मुले स्वेटर शोधू लागतात.

मुक्तेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे ७,५०० फूट उंचीवर आहे. आकाश स्वच्छ असले, तर उत्तरेकडे हिमशिखरांची लांबच लांब रांग दिसते. त्यात त्रिशूळ, नंदादेवी आणि पंचचुली ही नावे स्थानिक लोक बोट दाखवून सांगतात. टेकडीच्या माथ्यावर शंकराचे जुने देऊळ आहे. गावाला नाव मिळाले ते याच देवामुळे. देवळापासून थोडे चालले, की ‘चौली की जाली’ नावाचा कडा येतो. तेथील खडकाला आरपार भोक आहे. त्यातून पलीकडे गेलेल्या स्त्रीला संतती होते, अशी इकडची श्रद्धा आहे. कड्याखाली खोल दरी आहे आणि वारा असा, की डोक्यावरची टोपी हाताने धरून ठेवावी लागते.

देऊळ, कडा आणि शिखरे पाहून झाली, की बहुतेक पर्यटक परत फिरतात. देवळाच्या वाटेवर त्यांना काही जुन्या दगडी इमारती, उतरती छपरे आणि एका सरकारी संस्थेची पाटी दिसलेली असते. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचा हा परिसर आहे. पाटी वाचून लोक पुढे जातात, कारण गुराढोरांच्या दवाखान्यात पाहण्यासारखे काय असणार! पण खेड्यात गोठा असलेल्या प्रत्येक घरावर या पाटीमागच्या माणसांचे ऋण आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

पुण्यातून डोंगरावर

या संस्थेचा जन्म मुक्तेश्वरचा नाही, तो पुण्याचा आहे. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून प्रसिद्ध झालेल्या वास्तूत, ‘इंपिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. गुरांच्या साथींनी सरकार आणि शेतकरी दोघेही हैराण झाले होते. त्या साथींत सर्वांत भयंकर होती ती बुळकांडी.

हा शब्द आता जुन्या माणसांच्या तोंडीच उरला आहे. बुळकांडी झालेल्या जनावराला प्रथम सडकून ताप येई. मग डोळ्या-नाकातून पाणी वाहू लागे, तोंडात फोड येत, चारा सुटे आणि शेवटी हगवण लागून ते जनावर काही दिवसांत मरून जाई. पूर्वी कधीही ही साथ न आलेल्या कळपात शिरली, तर शंभरातली ८०-९० जनावरेसुद्धा दगावत. माणसाला हा रोग होत नसे, पण माणूस त्यातून सुटतही नसे. ऐन पेरणीच्या तोंडावर बैलजोडी गेली, की शेत पडीक राही, दुभती गाय गेली, की लेकरांचे दूध तुटे, आणि नवी जोडी घ्यायची तर सावकाराचे दार गाठावे लागे.

इतक्या झपाट्याने पसरणाऱ्या रोगावर पुण्यासारख्या भरवस्तीत प्रयोग करणे धोक्याचे होते. प्रयोगशाळेतून रोग बाहेर पडला असता, तर औषध शोधणाऱ्यांनीच साथ पसरवली असे झाले असते. म्हणून थंड, एकाकी आणि वस्तीपासून दूर अशा जागेचा शोध सुरू झाला. १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या या डोंगरावर आली. ब्रिटिशांच्या कागदपत्रांत हे गाव ‘मुक्तेसर’ असे आढळते. संस्थेचे पहिले प्रमुख होते डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड.

पाहुणा आला, मग आग लागली

क्षयाचे जंतू शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कोख १८९७ मध्ये भारतात आले. मुंबईत प्लेगने थैमान घातले होते आणि त्याच्या अभ्यासासाठी आलेल्या जर्मन मंडळात तेही सामील झाले होते. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत त्यांनी बुळकांडीवर काम केले होते. त्यामुळे गाफ्की आणि फायफर या सहकाऱ्यांसह त्यांना मुक्तेश्वरला पाचारण करण्यात आले. तेथील संग्रहालयात कोख यांचा म्हणून जपून ठेवलेला सूक्ष्मदर्शक आजही आहे. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने या डोंगरावर बसून गुरांच्या रोगाचा विचार केला, याची ती खूण.

काम रुळते आहे तोच १८९९ मध्ये नव्या प्रयोगशाळेला आग लागली आणि ती भस्मसात झाली. अशा आडजागी पुन्हा इमारत उभी करायची, म्हणजे सामान घाटातून वर चढवण्यापासून तयारी. तरीही ती उभी राहिली आणि १९०१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले.

सुरुवातीचे हत्यार होते ते सीरम, म्हणजे रोगातून तावून सुलाखून निघालेल्या जनावराच्या रक्तातला पातळ भाग. साथ आली, की निरोगी गुरांना तो टोचायचा. त्याने रक्षण होई खरे, पण ते थोड्या दिवसांपुरतेच. साथ परत आली, की पुन्हा टोचणे आलेच. देशभरातल्या गुरांना हे पुरणार कसे? वाढती मागणी भागवण्यासाठी १९१३ मध्ये बरेलीजवळ इज्जतनगर येथे शाखा उघडावी लागली.

शेळीने दिलेली लस

खरी वाट सापडली १९२० च्या दशकात. डॉ. जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांच्या शरीरात वाढवायला घेतला. एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशा शेकडो फेऱ्या झाल्या. शेळीच्या अंगाला सरावत गेलेला हा विषाणू गाईबैलांच्या बाबतीत मात्र मवाळ होत गेला. तो टोचला, की जनावराला थोडा ताप येई, पण त्यानंतर बुळकांडी वर्षानुवर्षे त्याच्या वाटेला जात नसे. मैदानी प्रदेशातल्या देशी गुरांना ही लस चांगली मानवली. सीरमपेक्षा ती स्वस्तही होती. नाजूक आणि संकरित जनावरांना मात्र ती कधीकधी जड जाई. त्यांच्यासाठी पुढे अधिक सौम्य लसी आल्या.

या यशामागे ज्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत अशी माणसे होती. जनावरांना चारा घालणारे, गोठे धुणारे, लाकडे वाहणारे हे लोक आसपासच्या गावांतले होते. प्रयोगांत बळी गेलेल्या पहाडी बैलांची आणि शेळ्यांची तर गणतीच नाही. त्यात जंगल दाराशी. जिम कॉर्बेट यांच्या १९५४ साली निघालेल्या पुस्तकात मुक्तेसरच्या नरभक्षक वाघिणीची हकिकत आहे. साळिंदराच्या काट्यांनी जायबंदी झालेल्या या वाघिणीने २४ माणसे मारली होती. अशा ठिकाणी गवत कापायला किंवा संध्याकाळी घरी परतायला किती धीर लागत असेल, याची कल्पना आज मोटारीतून येणाऱ्याला येणे कठीण.

नेमणूक मुक्तेश्वरला

स्वातंत्र्यानंतर संस्थेच्या नावातले ‘इंपिरियल’ गेले आणि ‘इंडियन’ आले. मुख्य कारभार इज्जतनगरला गेला. १९८३ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी येऊ लागले. बंगळूर, पालमपूर आणि कोलकाता येथेही तिची केंद्रे आहेत. जिथून ती निघाली त्या पुण्यातही तिचे प्रशिक्षण व शिक्षण केंद्र आले आहे.

अशा विद्यापीठाच्या बातम्या काय असतात? अमुक प्राध्यापक निवृत्त झाले, तमुक शास्त्रज्ञ रुजू झाले, कोणाची बदली झाली, कोणाला पीएच.डी. मिळाली. मुक्तेश्वरची बदली म्हणजे घरच्यांसाठी मोठा प्रश्न. हिवाळ्यात बर्फ, मोठा दवाखाना दूर, मुलांच्या शाळेची चिंता. नवरा किंवा बायको मैदानात नोकरीला असेल, तर संसार दोन ठिकाणी वाटला जातो. ज्यांच्या कामाची फळे सगळ्या देशाने चाखली, त्यांच्या घरात ही ओढाताण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

आणि मग अशा ठिकाणची सर्वांत मोठी बातमी आली, ती काहीच न सापडल्याची! भारताने १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. लस टोचणाऱ्यांनी खेडोपाडी फिरून गुरे टोचली. १९९५ मध्ये भारतातला अखेरचा उद्रेक नोंदला गेला. पण रोग दिसत नाही, एवढ्याने भागत नव्हते. तो नाही हे सिद्ध करायचे होते. लसीकरण थांबवले गेले, गावोगाव शोध घेतला गेला, रक्ताचे नमुने तपासले गेले. मुक्तेश्वरची प्रयोगशाळाही या कामाला जुंपली होती. अखेर २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त असल्यावर आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तब झाले. २०११ मध्ये साऱ्या जगातून हा रोग नाहीसा झाल्याची घोषणा झाली. माणसाने पृथ्वीवरून समूळ नष्ट केलेले रोग आजवर दोनच, एक देवी आणि दुसरा बुळकांडी.

काम मात्र संपलेले नाही. शेळ्या-मेंढ्यांना होणारा ‘पीपीआर’ हा रोग बुळकांडीचाच भाऊबंद. त्यावरची देशी लस याच डोंगरावर तयार झाली. २०३० पर्यंत तो जगातून घालवण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. धनगराच्या आणि शेळीपालन करणाऱ्या भूमिहीन बाईच्या दृष्टीने ही बातमी मोलाची आहे.

जाण्यापूर्वी

दिल्लीहून रात्रीच्या रानीखेत एक्स्प्रेसने काठगोदामला उतरावे. तेथून मुक्तेश्वर सुमारे ७० किलोमीटर आहे, टॅक्सी मिळते. कुमाऊँ मंडल विकास निगमचे पर्यटक निवास आहे, खाजगी हॉटेलेही आहेत. हिमशिखरे पाहायची तर पावसाळ्यानंतरचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस उत्तम. मार्चनंतर गेल्यास बुरांशची लाल फुले पाहायला मिळतात. हिवाळ्यात बर्फाची तयारी ठेवून जावे. संस्था ही काम चालू असलेली प्रयोगशाळा आहे, सहलीचे ठिकाण नव्हे. त्यामुळे आवार किंवा संग्रहालय पाहायचे असल्यास आधी रीतसर परवानगी घ्यावी.

बैलपोळ्याला शिंगे रंगवून, झूल घालून बैल दारात येतात तेव्हा घरची सवाष्ण त्यांना ओवाळते आणि पुरणपोळीचा घास भरवते. बुळकांडीने सणाच्या दिवशी रिकामा केलेला गोठा त्या घरातल्या पणजीने पाहिलेला असेल, सुनेने मात्र तो कधीच पाहिला नाही. मुक्तेश्वरला गेल्यावर हिमशिखरांकडे पाहताना पाठीमागच्या त्या दगडी इमारतींकडेही दोन मिनिटे वळून पाहायला हरकत नाही.