आकडे वेगळे, आवाका वेगळा

लघुगणक म्हणजे घातांक, आणि त्याचे सारे गुणधर्म या एका व्याख्येतून निघतात, हे विधान पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच असते. तरीही विद्यार्थी बहुधा ते ओलांडून पुढे जातो आणि तीन-चार सूत्रे एकमेकांशी संबंध नसल्यासारखी पाठ करतो. १० चा तिसरा घात १००० होतो, म्हणून १० हा पाया धरला असता १००० चा लघुगणक ३. म्हणजेच पायाचा कितवा घात केल्यावर दिलेली संख्या मिळेल, या प्रश्नाचे उत्तर हाच त्या संख्येचा लघुगणक होय. शंभराला हजाराने गुणताना जो शून्ये मोजतो आणि दोन व तीन मिळून पाच म्हणतो, तो नकळत पहिला गुणधर्म वापरतो: गुणाकाराचा लघुगणक हा लघुगणकांच्या बेरजेइतका असतो. त्याच कारणाने भागाकाराच्या जागी वजाबाकी येते. घात हा पुनःपुन्हा केलेला गुणाकार असल्यामुळे लघुगणक घेताना घातांक खाली उतरून गुणक होतो. आणि कोणत्याही पायाचा शून्यावा घात १ असल्यामुळे १ चा लघुगणक नेहमी शून्य राहतो. धन पायाचा कोणताही वास्तव घात शून्य किंवा ऋण होत नाही, म्हणून वास्तव संख्यांपुरते बोलायचे तर शून्याला व ऋण संख्यांना लघुगणक नाही.

खरी अडचण मधल्या संख्यांची आहे. २ ही १० चा कितवा घात, हा प्रश्न प्रथम विचित्र वाटतो, पण त्याचे उत्तर कोष्टक न उघडताही बरेच जवळ आणता येते. २ चा दहावा घात १०२४ आहे आणि ती संख्या हजाराहून किंचित मोठी आहे. म्हणून २ च्या लघुगणकाची दहापट ३ हून किंचित अधिक, आणि तो लघुगणक ०.३ हून किंचित अधिक असला पाहिजे. कोष्टकातले मूल्य ०.३०१० आहे. ५ म्हणजे १० भागिले २, तेव्हा त्याचा लघुगणक १ मधून ०.३०१० वजा करून ०.६९९० असा विनासायास मिळतो. ७ चा वर्ग ४९, म्हणजे जवळजवळ ५०; ५० चा लघुगणक १.६९९०, त्याचे अर्धे ०.८४९५, आणि खरे मूल्य ०.८४५१. ही तफावत ४९ आणि ५० यांच्यातल्या फरकातून आली आहे व ती कोणत्या बाजूला पडणार हेही आधीच सांगता येते. ज्या विद्यार्थ्याने अशी पाच-सहा मूल्ये स्वतःच्या हाताने काढली आहेत, त्याला गुणधर्म पाठ करावे लागत नाहीत, कारण ते त्याच्या कामाची हत्यारे झालेले असतात. या विषयाची सुरुवात सूत्रांच्या यादीने न होता अशा अदमासाने झाली तर विद्यार्थ्यांची भीती कितीतरी कमी होईल.

एडिंबरोजवळच्या मर्चिस्टनचे जमीनदार जॉन नेपिअर यांनी १६१४ मध्ये लघुगणकांची पहिली कोष्टके प्रसिद्ध केली, तेव्हा ती आजच्यासारखी नव्हती. ती त्रिकोणमितीतल्या ‘ज्या’ (साइन) या गुणोत्तराच्या मूल्यांसाठी, म्हणजे खगोलगणितासाठी रचलेली होती. नेपिअर यांनी पूर्ण ज्या १,००,००,००० धरून तिचा लघुगणक शून्य मानला होता. परिणामी संख्या लहान होत जाई तसा लघुगणक वाढे, आणि गुणाकाराची बेरीज करताना मध्ये एक अडनिडी स्थिर संख्या येई. लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजातले भूमितीचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज १६१५ मध्ये नेपिअर यांना भेटायला एडिंबरोला गेले. १ चा लघुगणक शून्य आणि १० चा १ असावा, हे त्या दोघांच्या विचारविनिमयातून ठरले. वरवर पाहता हा केवळ सोयीचा बदल दिसतो, परंतु लघुगणक हाताने वापरणाऱ्याचे सगळे कसब या निर्णयावर उभे आहे.

संख्या दशमान पद्धतीत लिहिली जाते आणि पायाही १० च आहे, म्हणून संख्येला दहाने गुणले की लघुगणकात नेमका १ मिळवला जातो आणि दशांश चिन्हापुढचा भाग जसाच्या तसा राहतो. ५.६२ चा लघुगणक ०.७४९७, ५६२ चा २.७४९७. दशांश चिन्हापुढच्या भागाला अपूर्णांश म्हणतात आणि तो संख्येतले आकडे कोणते एवढेच सांगतो. अलीकडच्या पूर्णांकाला पूर्णांश म्हणतात आणि तो संख्येचा आवाका, म्हणजे ती शेकड्यात आहे की लाखात, हे सांगतो. छापील कोष्टकात फक्त अपूर्णांश असतात. पहिल्या दोन अंकांची ओळ, तिसऱ्या अंकाचा स्तंभ आणि चौथ्या अंकासाठी उजवीकडची मीन डिफरन्सची (सरासरी फरकाची) बारीक घरे, एवढ्यावर कोष्टक थांबते. आवाका वापरणाऱ्याने स्वतः ठरवायचा असतो. कोष्टकाचे हे मौन फार मोलाचे आहे, कारण त्यामुळे उत्तर शोधण्यापूर्वी ते किती मोठे असणार याचा विचार करणे भाग पडते.

एकाहून लहान संख्यांच्या बाबतीत ही फारकत अधिक जपावी लागते. ०.००५६२ चा लघुगणक उणे २.२५०३ असा एकसंध लिहिता येईल, पण तसे केले की अपूर्णांश ओळखू येईनासा होतो. म्हणून तो उणे ३ अधिक ०.७४९७ असा धरून पूर्णांश तेवढा ऋण ठेवतात, ३ च्या डोक्यावर आडवी रेघ देतात आणि पुढे .७४९७ धनच राहू देतात. याच संख्येचे वर्गमूळ काढताना लघुगणकाचे अर्धे करायचे असते, परंतु उणे ३ ला २ ने पूर्ण भाग जात नाही. अशा वेळी पूर्णांश उणे ४ करून उसना घेतलेला १ अपूर्णांशात मिळवतात, आणि १.७४९७ चे अर्धे ०.८७४९ व पूर्णांश उणे २ असे उत्तर येते, ज्यावरून वर्गमूळ ०.०७५०० च्या अगदी जवळ ठरते. महाराष्ट्रात बारावीच्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या परीक्षेत गणकयंत्राऐवजी लॉग टेबल वापरायचे असते. तिथे याच पायरीवर असंख्य चुका होतात, आणि त्यांचे मूळ आकडेमोडीत नसून आकडे व आवाका यांची गल्लत करण्यात असते.

ब्रिग्ज यांनी १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० या संख्यांचे चौदा दशांश स्थळांपर्यंतचे लघुगणक १६२४ मध्ये छापले. त्यामागच्या श्रमांचा पाया गुणधर्मांवरच होता. १० चे वर्गमूळ ३.१६२२…, त्याचा लघुगणक ०.५, पुन्हा वर्गमूळ १.७७८२…, लघुगणक ०.२५, असे त्यांनी ५४ वेळा वर्गमूळ काढले, तेव्हा संख्या १ च्या इतकी निकट आली की लघुगणक आणि १ वर उरलेला अंश यांचे प्रमाण स्थिर झाले. ते प्रमाण ०.४३४२९… आहे. मग कोणत्याही मूळ संख्येला वर्गमुळे काढत काढत १ च्या जवळ आणायचे, तिथला लघुगणक या प्रमाणाने काढायचा आणि तितक्याच वेळा दुप्पट करत परत यायचे. संयुक्त संख्यांसाठी केवळ बेरीज पुरते. या कोष्टकांपुढे आदराने थांबावे असेच हे काम आहे.

मात्र लघुगणक बेरजेच्या प्रश्नात हात टेकतो. दोन संख्यांच्या बेरजेचा लघुगणक त्यांच्या लघुगणकांवरून काढण्याचे साधे सूत्र नाही, आणि नवशिका हटकून ते कल्पून घेतो. गुणाकार सोपा करून घेताना बेरीज अवघड झाली, ही या साधनाची किंमत आहे. खगोलगणितात तिचा त्रास इतका होता की लिओनेल्ली या गणितज्ञाच्या कल्पनेवरून गणितज्ञ गाउस यांनी १८१२ मध्ये बेरीज-वजाबाकीसाठी लघुगणकांची स्वतंत्र कोष्टके काढली.

एका पायाच्या लघुगणकाला ठरावीक संख्येने गुणले की दुसऱ्या पायाचा लघुगणक मिळतो; पाया बदलण्याचा हा गुणधर्म भारतीय वाचकाला एका जुन्या ग्रंथाकडे नेतो. नवव्या शतकातले जैन आचार्य वीरसेन यांच्या धवला टीकेत अर्धच्छेद ही संकल्पना येते: संख्या किती वेळा निम्मी करता येते, म्हणजेच २ या पायाचा तिचा लघुगणक. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे अवयवांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हेही तिथे माहीत आहे. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली ही टीका १९३९ पासून अमरावतीहून छापली जाऊ लागली, आणि गणिताच्या अभ्यासकांपर्यंत पोचली. तिच्यात गणनेसाठी कोष्टके नाहीत. धर्मशास्त्रातल्या अवाढव्य संख्यांचा आवाका बोलता यावा, हा तिथला हेतू आहे. ६५,५३६ चे अर्धच्छेद १६, आणि अर्धच्छेदांचे अर्धच्छेद, ज्यांना वीरसेन वर्गशलाका म्हणतात, ४. या १६ ला ०.३०१० ने गुणले की ४.८१६ येते; तो त्याच संख्येचा १० या पायाचा लघुगणक, आणि त्याचा पूर्णांश ४ असल्यामुळे संख्या पाच अंकी.