सरफोजीराजांचे पक्षी

तिरुचिरापल्लीहून तंजावर बसने तासाभराचा रस्ता. दोन्हीकडे कावेरीच्या पाण्यावरची भातशेती. उतरल्यावर बृहदीश्वराचं दर्शन संध्याकाळसाठी ठेवलं आणि राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय गाठलं.

तंजावरच्या भोसले घराण्यातले सरफोजीराजे दुसरे 1798 मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे उरला तो किल्ला आणि आसपासचा मुलूख. त्यांनी मग पोथ्या जमवल्या, वैद्यांना कामाला लावलं, चित्रकारांकडून पशुपक्षी रंगवून घेतले. तंजावरच्या कलमाची अशी चित्रं रेसिडेंट टॉरिनमार्फत विलायतेला गेली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

बाहेर चौकाच्या भिंतीवर लालबुड्या बुलबुल बसला होता. काळं डोकं, छातीवर खवल्यांची नक्षी, शेपटीखाली लालभडक डाग. याची ओळख पटवायला पुस्तक लागत नाही. मला मात्र त्याचा लायबेरियातला भाऊबंद आठवला.

तिथल्या कव्हाला जंगलात 1981 ते 1984 या काळात पक्षीतज्ज्ञ वुल्फ गाटर यांना पिसांवर पांढरट ठिपके असलेला हिरवट बुलबुल दिसत होता. 1984 मध्ये त्यातला एकच हाती आला आणि त्यावरून पुढच्या वर्षी नवी जात जाहीर झाली. नंतर देश यादवीत होरपळला. 2010 आणि 2013 च्या शोधमोहिमांना तो दिसलाच नाही. 2017 मध्ये त्याच नमुन्याचा डीएनए तपासला, तेव्हा तिथल्याच एका नेहमीच्या हिरव्या बुलबुलाहून तो वेगळा निघेना. पिसं उगवताना पोषण कमी पडलं आणि ठिपके उमटले, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

एका पक्ष्यावरून जात ठरवण्यात घाई झाली, असं आज कुणीही म्हणेल. मला ते अन्यायाचं वाटतं. गाटर यांनी जे दिसलं ते नोंदवलं, नमुना जपला गेला, म्हणून तर तीस वर्षांनी त्याची फेरतपासणी करता आली. सरफोजीराजांच्या चित्रांचं मोल मला याच कारणासाठी वाटतं. पण अशा कामाला एक चित्र किंवा एक कातडं पुरत नाही. एकाच जातीचे पुष्कळ पक्षी वर्षानुवर्षं पाहावे लागतात.

संध्याकाळी बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास, जमेल तितका, वाचला. सकाळी कोडियक्कराईकडे निघालो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे लोक तिथे कित्येक वर्षं जाळी लावून स्थलांतरित पक्षी धरतात, पायात क्रमांकाचं कडं घालतात, मोजमाप लिहून घेतात आणि सोडून देतात.