आऊटलूकची कडी

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

आज घटस्थापना. अंबाबाईच्या महाद्वाराकडची गर्दी चुकवत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पोचलो तर उद्यमनगरातले अण्णा पायरीवर बसलेले, शेजारी धुळीने माखलेला सीपीयू. विंडोज टेनचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबरनंतर बंद होणार, म्हणून सध्या सगळ्या शाहूपुरीत जुनी मशीन बदलायची घाई आहे. अण्णांच्या फौंड्रीतलेही बदलले. सगळे नव्या मशीनवर गेले, एक फाईल तेवढी अडली. आऊटलूकची पीएसटी, २००७ ते २०१२ चा सगळा पत्रव्यवहार तिच्यात. पासवर्ड धाकट्या भावाने घातलेला आणि भाऊ कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला.

“पोरांची नावं, गाडीचा नंबर, अंबाबाई, समदं घालून बघितलं,” अण्णा म्हणाले. “घेईनाच बघा ते.”

फाईल हवी आहे ती कोर्टासाठी. गिऱ्हाइकाने कास्टिंगचा मोठा लॉट रिजेक्ट केला, पैसे अडकले, दावा अजून साक्षीपुराव्यावरच आहे. ड्रॉइंगमधला बदल गिऱ्हाइकानेच २०११ मध्ये मेलवर कळवला होता असे अण्णांचे म्हणणे. वकील म्हणतात, मेल दाखवा. १८ ऑगस्टला हायकोर्टाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून जुन्या दाव्यांबद्दलही लोक नव्या उमेदीने बोलू लागलेत. पुढे अपिलात जावे लागले तरी मुंबई गाठायला नको, हा हिशेब ज्याच्या त्याच्या डोक्यात आहे.

सीपीयू ठेवून घेतला. फाईल उघडेल की नाही हे मात्र बोललो नाही. खरे तर ते मला माहीत होते.

मंगळवार, २३ सप्टेंबर

पीएसटीचा पासवर्ड म्हणजे दाराला नुसती बाहेरून लावलेली कडी. कुलूप नाहीच. लोकांना हे पटत नाही, कारण आऊटलूक चौकट दाखवून अगदी रुबाबात पासवर्ड मागते. पण त्या पासवर्डाने आतला मजकूर बंद होत नाही. मजकुरावर असते ती अक्षरांची ठरलेली अदलाबदल. २५६ खणांचा एक तक्ता, आणि तो जगातल्या सगळ्या पीएसटींना सारखाच. त्यामुळे फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर कचरा दिसतो आणि माणूस समजतो की आत सगळे सुरक्षित आहे. पासवर्डाचा त्या तक्त्याशी काही संबंध नाही. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये या फाईलची रचना स्वतःच जाहीर केली. हा पासवर्ड वरवरचा आहे, त्याने सुरक्षा मिळत नाही, हे त्याच कागदात स्पष्ट लिहिले आहे. ते वाचतो कोण?

शिवाय पासवर्ड फाईलमध्ये जसाच्या तसा नसतो. सीआरसी-३२ नावाच्या गणिताने त्याचा एक आकडा काढून ठेवतात. हे गणित मुळात फाईल वाटेत बिघडली का हे तपासायचे. गुपित राखण्यासाठी ते केलेलेच नव्हते. असे आकडे सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. आणि इंग्रजी कळफलकावरची ९५ चिन्हे घेऊन नुसत्या पाच अक्षरांच्या जुळण्या मांडल्या तरी ७७३ कोटींवर जातात. म्हणजे एकाच आकड्याला कितीतरी शब्द लागू पडणार. भावाने काय शब्द घातला होता हे शोधायची गरजच नाही. तोच आकडा देणारा कुठलाही अर्थहीन शब्द आऊटलूक निमूट मान्य करते.

नीरसॉफ्टचे पीएसटी-पासवर्ड हे फुकटचे छोटे साधन हेच करते. एका फाईलला तीन-तीन पासवर्ड दाखवते. त्यातला कदाचित एकही खरा नसतो, पण चालतात. अँटिव्हायरस मात्र ते उतरवताच चोर पकडल्यासारखा ओरडतो. “रिकव्हरी”चे हजारो रुपये घेणारे बरेच जण आतून एवढेच करतात. काम दहा मिनिटांचे असेल तर गिऱ्हाइकाला तसे सांगावे, असे माझे मत. धंद्यातले मित्र यावर हसतात.

गुरुवार, २५ सप्टेंबर

अजून फाईलला हात लावलेला नाही. अण्णांना फोन करून विचारले, भावाच्या घरच्यांना हे माहीत आहे का? पलीकडे जरा वेळ कुणी बोलेना. मग म्हणाले, “वहिनींचं आणि आमचं वाटणीवरनं जरा बिनसलंय.”

तेच वाटले होते. मशीन फर्मचे, फर्म दोघा भावांची, आणि त्या फाईलमध्ये धंद्याच्या मेलांबरोबर भावाची खासगी पत्रेही असणार. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे ४३ वे कलम मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधून माहिती घेण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिकपणे केले तर ६६ वे कलम लागते, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. उघडता येते म्हणून उघडावे असे होत नाही. दोघांच्या सहीचे पत्र आणा म्हटले. अण्णा रागावले. रागावू देत.

रविवार, २८ सप्टेंबर

दुपारी वहिनी स्वतः आल्या, मुलीला घेऊन. सही करते म्हणाल्या, पण ह्यांची स्वतःची पत्रं कुणी वाचायची नाहीत. त्या गिऱ्हाइकाशी झालेले मेलच बाहेर काढायचे, बाकी फाईल सीलबंद पाकिटात त्यांच्याकडे. एवढी सरळ अट आमच्या धंद्यात क्वचित ऐकायला मिळते. पत्रात तसेच लिहून घेतले.

मुलीने विचारले, तिच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड आहे, त्याचेही असेच का? उलट आहे, म्हटले. तिथे मेल साध्या मजकुराच्या फाईलमध्येच पडलेले असतात, कुणीही वाचावेत. पण खात्यांचे साठवलेले पासवर्ड एका मुख्य पासवर्डाखाली खरोखर बंद करता येतात. तो विसरला तर ते गेले, नव्याने सुरुवात करायची. बिटलॉकरने बंद केलेल्या डिस्कचेही तसेच, रिकव्हरी की नसेल तर मी काय, कुणीच काही करू शकत नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. उद्यमनगरात लेथना, ड्रिलना झेंडूच्या माळा. मीही स्क्रूड्रायव्हरना हळदकुंकू वाहिले आणि कामाला बसलो.

आधी मूळ डिस्क फक्त वाचता येईल अशी जोडली, फाईलची प्रत काढली आणि दोन्हींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारे ओळखीचे आकडे, जुळवून लिहून ठेवले. हे टाळून चालत नाही. आऊटलूकने पीएसटी नुसती उघडली तरी फाईल बदलते, हॅश बदलतो आणि समोरचा वकील नेमके तेच धरतो. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या ६३ व्या कलमाच्या प्रमाणपत्रात हॅशची रीतसर जागा आहे, एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

मग प्रतीवर साधन चालवले. पासवर्ड म्हणून निघाली पाच-सहा निरर्थक अक्षरे, फाईल उघडली. ड्रॉइंगचा मेल आहे, सुधारित ड्रॉइंग जोडलेले आहे.

खरी अडचण पुढे आली. अण्णांनी त्यावर सुपरवायझरला मराठीत दिलेली सूचना जोडपत्रात आहे, २०११ च्या रिवाजाप्रमाणे श्रीलिपीच्या फाँटमध्ये. युनिकोड नाही. फाँट नसलेल्या मशीनवर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. पासवर्डाने जे अडले नाही ते फाँटने अडवले. आपल्या पुराभिलेखागारातले मोडी कागद वाचणारे तरी प्रशिक्षण घेऊन तयार होतात. अशा जुन्या फाँटांतल्या मराठी फाईली कोण वाचून देणार? व्हीनस कॉर्नरच्या एका जुन्या डीटीपीवाल्याकडे फाँटची सीडी निघाली. २०१९ च्या पुरात त्याची मशीन पाण्यात होती, सीडी माळ्यावर म्हणून वाचली.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

दसऱ्याचे सोने द्यायला अण्णा आले, जाताना छापील मेल आणि हॅशचा कागद घेऊन गेले. बाकीची फाईल वहिनींना पोचवली, आमच्याकडची प्रत त्यांच्यासमोर पुसली.

पीएसटीवर पासवर्ड असलेले आणखी दोघे वाट बघताहेत. त्यांना आणि सगळ्यांनाच सांगणे एकच: जपायचे असेल ते त्या पासवर्डाच्या भरवशावर ठेवू नका, डिस्कच बंद करा, आणि तिची रिकव्हरी की कागदावर लिहून घरच्या माणसाला ठेवायला द्या. जुन्या मराठी फाईली असतील तर फाँटची सीडी आहे तोवर युनिकोडमध्ये करून घ्या.