ताईची पन्नाशी

मैत्रिणींनो, पन्नाशी म्हटली की आपल्याकडे काय काय ठरलेलं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. हॉल घ्यायचा, साडी आणायची, पन्नास दिव्यांनी ओवाळायचं आणि जेवणात जिलबी की श्रीखंड यावरून दोन दिवस वाद घालायचा! माझ्या ताईची पन्नाशी नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि ती आम्ही साजरी केली थेट जपानात!

तुम्ही म्हणाल, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईकडे जपानला जायला पैसे आले कुठून? अहो, माझा दादा टोकियोत नोकरीला आहे. निम्मा खर्च त्याने उचलला आणि उरलेल्यासाठी माझी दोन वर्षांची भिशी कामी आली. आमचे 'हे' म्हणाले, "जा तुम्ही दोघी. मुलांचे डबे मी बघतो." (डबे कसे झाले ते मुलांनी नंतर सांगितले. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे!)

आता ताईबद्दल थोडं सांगते. १९९२ साली आमची आई गेली. ताई तेव्हा एकोणीस वर्षांची, एस. वाय. बी. ए. ला होती. दादा दहा वर्षांचा आणि मी सात. ताईने कॉलेज सोडलं आणि पदर खोचला. मी दहावी झाल्यावरच तिने स्वतःचं लग्न होऊ दिलं, अठ्ठाविसाव्या वर्षी. शिक्षणाचा विषय निघाला की ती हसून म्हणायची, "मला कुठे अभ्यासाची आवड होती गं! सुटले मी." आम्हीही ते खरं मानलं. सोयीचं होतं ना ते!

वाढदिवसाच्या दिवशी आम्ही क्योटोत होतो. मी घरून निरांजन, वाती, सुपारी, हळदकुंकू असं सगळं नेलं होतं. पण दादा म्हणाला, "हॉटेलच्या खोलीत ज्योत लावायची नाही. धुराची घंटा वाजली तर अख्खं हॉटेल खाली उतरेल." मग काय, न पेटवलेलं निरांजन ताटात ठेवून अंगठी-सुपारीनेच ओवाळलं. ताई म्हणाली, "ज्योत मनात आहे असं समज आणि आटप लवकर."

आधी गेलो कियोमिझुदेराला. डोंगराच्या कडेला उभं असलेलं हे देऊळ. आताची मुख्य वास्तू १६३३ सालची. तिच्यापुढचा लाकडी सज्जा उंच खांबांवर तोललेला आहे, जमिनीपासून सुमारे तेरा मीटर. खाली बघावं तर मेपलची झाडं लालभडक झालेली. मोठं धाडस करायचं झालं की जपानी माणसं म्हणतात, 'कियोमिझुच्या सज्जावरून उडी मारायची'. पूर्वी माणसं खरोखरच उडी मारायची म्हणे, नवस फळावा म्हणून! १८७२ मध्ये सरकारने त्याला बंदी घातली.

देऊळ कानोनचं. मूळ मूर्ती बंद असते, तेहतीस वर्षांतून एकदाच तिचं दर्शन होतं. दादा म्हणाला, "कानोन म्हणजे अवलोकितेश्वर." तशी ताई पटकन म्हणाली, "म्हणजे आपल्या अजिंठ्याचा पद्मपाणीच की! पहिल्या नंबरच्या लेण्यात, हातात कमळ घेतलेला. कॉलेजच्या सहलीत बघितलाय मी. आमचे सर म्हणाले होते, बौद्ध धर्म इथून चीनला गेला आणि तिथून कोरियामार्गे जपानला." मी बी. ए. झालेली, पण मला ते ठाऊक नव्हतं. आणि हिला तीस वर्षांनंतर लेण्याच्या नंबरासकट आठवत होतं!

दुपारचं जेवण एका देवळाजवळ घेतलं. शाकाहारी मैत्रिणींनो, जपानात एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'मांस नको' एवढं म्हणून भागत नाही. साध्या सूपमध्ये आणि भाजीतसुद्धा बहुधा सुक्या माशांचा अर्क असतो, त्याला 'दाशी' म्हणतात. 'शोजिन र्‍योरी' मागा. ते बौद्ध मठातलं जेवण, त्यात पारंपरिक रीतीने कांदा-लसूणही घालत नाहीत. टोफू, तीळ, भाज्या आणि भात, सगळं चिमुकल्या वाट्यांतून. ताई म्हणाली, "चातुर्मास संपत आला तरी मला इथे पुन्हा तेच!"

संध्याकाळी कितानो तेनमानगूला गेलो. हे स्थान विद्येच्या देवाचं. सुगावारा नो मिचिझाने नावाचे मोठे विद्वान होते. दरबारातल्या राजकारणात ९०१ साली त्यांना दूर पाठवलं आणि ९०३ साली ते तिथेच वारले. पुढे लोकांनी त्यांनाच देव मानलं. त्यांचा जन्म बैलाच्या वर्षातला. त्यांचं शव नेणारा बैल वाटेत बसला तो उठेचना, अशी कथा आहे. म्हणून इथे जागोजागी बसलेले दगडी बैल आहेत. परीक्षेला बसणारी मुलं त्यांचं डोकं कुरवाळतात.

वर्षांना प्राण्यांची नावं देण्याची तिथे पद्धत आहे, बारा वर्षांचं चक्र. दादाने हिशेब केला आणि हसत सुटला. ताई १९७३ ची, मी १९८५ ची. दोघीही बैल! ताई म्हणाली, "माझं ठीक आहे, मी गाडा ओढला. तू कसली बैल? तू गाडीत बसलेली!" आम्ही खूप हसलो. पण हसता हसता माझ्या घशात काहीतरी अडकलं.

तिथे लाकडी पाट्या मिळतात, 'एमा' म्हणतात त्यांना. त्यावर इच्छा लिहून टांगायची. मी मुलांसाठी लिहिली. ताई बराच वेळ पाठ करून लिहीत होती. मला वाटलं, भाच्याच्या इंजिनिअरिंगसाठी लिहीत असणार. माझी पाटी टांगायला गेले, तर शेजारीच तिची. तिचं ते वळणदार अक्षर: 'माझं बी. ए. पूर्ण होऊ दे.'

मी नुसती बघत राहिले. ती ओशाळून म्हणाली, "म्हटलं इथे मराठी कोण वाचणार!"

"ताई, तुला आवड नव्हती ना अभ्यासाची?"

"तसं म्हटलं नसतं तर तुमच्या दोघांच्या घशाखाली घास उतरला असता का?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला तेव्हा आठवलं ते माझंच बोलणं. कॉलेजात असताना पुस्तकात डोकं घालून मी तिला कितीदा म्हणाले असेन, "जाऊ दे ताई, तुला नाही कळायचं त्यातलं." आणि ती गुपचूप माझ्यासाठी चहा ठेवून जायची. त्या बैलापाशी मी तिची क्षमा मागितली. तिने माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "आता रडून वाढदिवस घालवू नकोस. त्या बैलाला दोन्ही हातांनी कुरवाळ, मला एकटीला जमणार नाही."

घरी परतल्यावर सबबी सुरू झाल्या. वय झालं, चष्मा लागला, लोक काय म्हणतील! भाऊजी म्हणाले, "लोकांना मी सांगतो काय म्हणायचं ते." २०२४ मध्ये ताईने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतला, पुन्हा पहिल्या वर्षापासून. आता दुपारी तिचा फोन येतो तो रेसिपी विचारायला नाही, तर शंका विचारायला. कधीकधी मला उत्तर येत नाही. तेव्हा ती म्हणते, "जाऊ दे, तुला नाही कळायचं त्यातलं!" आणि खळखळून हसते.

तुमच्याही घरात एखादी ताई, मावशी, जाऊबाई असेल, 'मला कुठे आवड होती' म्हणणारी. तिच्या पुढच्या वाढदिवसाला साडी जरूर घ्या. पण तिच्याजवळ निवांत बसून एकदा विचाराही, पाटी मिळाली तर काय लिहिशील? त्यासाठी जपानला जायला हवंच असं काही नाही.