चाबूक आणि चित्र

मुक्या जनावरांचा कैवारी अशी आमच्या आळीत माझी थोडीफार ख्याती आहे. तिचे मूळ एका फोटोत आहे. कॉलेजात असताना मी तो काढला: चढावर गुडघे टेकलेला टांग्याचा घोडा आणि हवेत उगारलेला चाबूक. एका साप्ताहिकाने तो छापला, मला दहा रुपये दिले. गावात बोभाटा झाला आणि चढावर उतारूंना खाली उतरवण्याची पद्धत पडली.

परवा मोबाइलवर कुणी कुत्र्याला बडवतानाचे चित्रण पाहिले आणि मी उसळलो, "असली चित्रे विकणाऱ्यांना तुरुंगात डांबा!"

नात वकिली शिकते. ती म्हणाली, "आजोबा, अमेरिकेने ते करून पाहिले."

तिने सांगितलेली हकिकत अशी. 1999 साली तिथे जनावरांच्या छळाची चित्रणे धंद्यासाठी करणे, विकणे, बाळगणे गुन्हा ठरले. रोख होता चिमुकले जीव पायाखाली चिरडण्याच्या ओंगळ चित्रणांवर. शिक्षा मात्र कुत्र्यांच्या झुंजींची चित्रणे विकणाऱ्या व्हर्जिनियातल्या एका गृहस्थांना झाली, 37 महिन्यांची. 20 एप्रिल 2010 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो कायदाच रद्द केला. झुंजी हा गुन्हा होताच, तो तसाच राहिला. पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले, कायद्याचे जाळे फार मोठे आहे. राजधानी वॉशिंग्टनमध्ये शिकारीला बंदी. मग दुसरीकडे रीतसर केलेल्या शिकारीची चित्रे छापणारे मासिक तिथे विकणाराही गुन्हेगार ठरायचा! एकट्या न्यायमूर्ती अलिटोंना हे पटले नाही. चित्रणे खपतात म्हणूनच छळ होतो, असे त्यांचे म्हणणे. त्याच डिसेंबरात चिरडण्याच्या चित्रणांपुरता नवा, नेमका कायदा झाला.

"म्हणजे तुमचा कायदा आला असता," नात हसून म्हणाली, "तर पहिले तुरुंगात तुम्हीच! दहा रुपये घेतलेत ना?"

"अगं, मी दया यावी म्हणून काढला होता तो!"

"ते फोटोवर कुठे लिहिलेय?"

मी कपाटातून फोटो आणला. तिने तो बराच वेळ पाहिला. मग हलकेच विचारले, "आजोबा, चाबूक वर गेला तेव्हा तुम्ही टांगेवाल्याचा हात का नाही धरलात?"

मी आठवून पाहिले. आठवले ते एवढेच, की त्या क्षणी ऊन अगदी बरोबर पडले होते.