किल्लारीची वेलांटी

स्टाईलशीट वापरावी की नाही, हा वाद एकेकाळी आम्हा हौशी लोकांत फार रंगायचा. प्रत्येक ब्राउझरमध्ये पान वेगळं दिसतं, मग कशाला ती भानगड? सगळं टेबलात बसवा आणि मोकळे व्हा, असं जाणते सांगायचे. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ मधली, पण दहा वर्षांनंतरही एक्सप्लोरर ६ मध्ये फ्लोट केलेल्या चौकटीचा समास दुप्पट व्हायचा आणि पारदर्शक पीएनजीमागे राखाडी ठोकळा दिसायचा.

आपल्या मराठीचं दुखणं आणखी वेगळं. फायरफॉक्स २ मध्ये मजकुराच्या दोन्ही कडा सरळ करायला 'जस्टिफाय' लावलं की जोडाक्षरं फुटायची. २००८ साली फायरफॉक्स ३ आला तेव्हा ते थांबलं. आणि मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेघेचे तुकडे! ते तर आजही होतात.

मला हे सगळं जिव्हाळ्याचं झालं ते आमच्या आत्यामुळे. ती नांदेडला असते, पण तिचं सासर किल्लारीकडचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यात तिच्या घरचीही होती. तिनं फोनवर सांगितलेलं मी लातूरला बसून लिहून काढलं आणि माझ्या पानावर टाकलं. नातवाला घेऊन ती वजिराबादेतल्या एका सायबर कॅफेत वाचायला गेली. रात्री फोन.

"अरे बाबा, गावाचं नाव तरी नीट दिसू दे की!"

तिथे 'क' सुटा पडला होता आणि त्याची वेलांटी पुढच्या 'ल'वर चढली होती. खरं तर हा दोष स्टाईलशीटचा नव्हताच. त्या यंत्रावरच्या एक्सपीत भारतीय लिप्यांची सोय बसवलेलीच नव्हती. ती रीजनल सेटिंगमध्ये खूण करून, सीडी घालून बसवावी लागे. पण एका मित्राचा सल्ला आला: लेखाचं चित्र करून टाक, कटकट मिटली.

मला ते पटेना. आत्याला मोतीबिंदू. चित्रातली अक्षरं तिला मोठी कशी करता येणार? आणि उद्या कुणी 'किल्लारी' शोधलं, तर चित्रातलं नाव सापडणार कसं?

म्हणून स्टाईलशीट ठेवली, फक्त बेताची. जस्टिफाय काढलं. ओळींमध्ये हवा ठेवली, म्हणजे मात्रा-रफारांना जागा मिळते. अक्षराचा आकार पिक्सेलऐवजी टक्क्यांत दिला, कारण पिक्सेलमधला मजकूर एक्सप्लोरर ६ मध्ये वाचणाऱ्याला मोठा करता येत नसे. हाकून व्यूम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएस सुचवलं, तेव्हा पान कसं दिसावं यात लिहिणाऱ्यासोबत वाचणाऱ्यालाही मत असावं, ही कल्पना त्यात होतीच की.

दुसरी गंमत म्हणजे, न कळलेला नियम ब्राउझर सोडून देतो, मजकूर मात्र राहतो. भाकरीसारखंच आहे हे. दात असलेल्यानं कडक खावी, नसलेल्यानं दुधात कुस्करावी. कुणी उपाशी उठत नाही.

कॅफेवाल्यानं नातवाच्या हट्टापायी सीडी घातली. आत्यानं अक्षरं सगळ्यात मोठी करून लेख वाचला, दोनदा. मग फोनवर एवढंच म्हणाली, "दादांचं नाव बी आलंय रे त्यात."

असो. एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. आत्या आता मोबाईलवर वाचते, अक्षरं बोटांनी ताणून. ती स्टाईलशीट अजून तीच आहे, वीसेक ओळींची.